अकरा वर्षांचं उत्तर

"कुबल मॅडम, हे पाहिलंत का?"

खानझोडे साहेबांनी विधानसभेच्या आजच्या प्रश्नोत्तरांची छापील यादी माझ्यापुढे ठेवली आणि सातव्या प्रश्नावर बोट टेकवलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. डिसेंबरचं नागपुरी ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं, तरी साहेबांच्या गळ्यातला मफलर सुटला नव्हता. माणूस मूळचा नागपूरचा, पण आम्हा मुंबईहून आलेल्यांपेक्षा थंडी त्यांनाच जास्त वाजायची.

"पाहिलंय की सर. मसुदा माझाच आहे," मी म्हणाले.

"मसुदा तुमचाच आहे, ते ठाऊक आहे मला. नाव वाचा. उत्तर देणाऱ्याचं."

मी वाचलं. श्री. दौलतराव दिघोरे. आणि नावापुढे: (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

मी नाव पुन्हा एकदा वाचलं. तेच होतं.

दौलतराव दिघोरे बारा दिवसांपूर्वीपर्यंत मंत्री नव्हते. ते विरोधी बाकांवरचे आमदार होते, भंडाऱ्याकडच्या तळ्यांच्या मुलखातले, आणि त्याआधी पंचवीस वर्षं शाळामास्तर. प्रत्येक हिवाळी अधिवेशनात, न चुकता, ते एकच प्रश्न टाकायचे. "राज्यातील तलावांमध्ये मासेमारी करणाऱ्यांच्या जाळ्यांवर विक्रीकर आकारला जातो व समुद्रातील मच्छीमारांच्या जाळ्यांना मात्र सूट दिली जाते, हे खरे आहे काय? असल्यास, हा भेदभाव दूर करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?" प्रश्न आमच्या खात्यात यायचा, खात्यातून माझ्या टेबलावर यायचा, आणि मी गेल्या वेळचं उत्तर काढून त्याच्यावरची तारीख बदलायचे. हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही. अकरा वर्षं हे चाललं होतं. आमचं काहीच बिनसलं नव्हतं, कारण उत्तर चूक नव्हतं. करमुक्त वस्तूंच्या यादीत तलाव हा शब्द नव्हता, समुद्र हाही नव्हता. मग भेदभाव कुठून येणार?

आता सरकार बदललं होतं. दिघोरे अर्थखात्याचे राज्यमंत्री झाले होते, आणि त्यांच्याआधी त्याच खुर्चीत बसलेले प्रतापराव इंगवले विरोधी बाकांवर गेले होते. इंगवले मोठे हुशार. त्यांनी जुन्या याद्यांतून दिघोऱ्यांचाच प्रश्न काढला, अक्षरही न बदलता स्वतःच्या नावाने टाकला, आणि मी सवयीने जुनं उत्तर त्याला चिकटवून दिलं. प्रश्न तोच, उत्तर तेच. वर्षानुवर्षं हेच करणाऱ्या माणसाच्या हातूनच अशी चूक होते. नवीन माणसाने निदान नाव तरी वाचलं असतं.

"न वाचता सही केली असणार त्यांनी," मी म्हणाले. "चाळीस उत्तरं एकदम गेली होती त्यांच्याकडे."

"ते काय करणार ते सोडा. सभागृहात हसं होणार आहे. आणि हसं झालं की माणूस शोधला जातो." साहेबांनी यादीची घडी केली. "हक्कभंग आला, तर निलंबन कोणाचं होईल, ते मी वेगळं सांगायला नको."

नको होतंच. मला अवर सचिवाची बढती त्याच महिन्यात मिळायची होती. मालवणात बाबांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, होडी विकली होती, आणि घर माझ्या पगारावर होतं. निलंबित मुलीने घरी काय सांगायचं, याचा मी विचार करू लागले आणि लगेच थांबवला.

त्यात नवे मुख्यमंत्री. शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्या खात्यांना कळवलं होतं की अर्थसंकल्प येईपर्यंत कुठल्याही करात सूट द्यायची नाही, आणि देणार असल्याचं सभागृहात सूचितही करायचं नाही. वर्तमानपत्रं रोज भाकितं छापत होती. नवं नेतृत्व कर कमी करणार, नवं नेतृत्व कर वाढवणार. व्यापाऱ्यांची शिष्टमंडळं संत्र्यांच्या करंड्या घेऊन बंगल्याबंगल्यांवर फिरत होती. म्हणजे 'हे खरे आहे, आम्ही सूट देऊ' असं सुधारित उत्तर द्यायलाही वाट नव्हती.

"चला," खानझोडे साहेब उठले. "निदान सांगून तरी ठेवू त्यांना."

दिघोऱ्यांच्या दालनात गावाकडची दहा-पंधरा माणसं, तळ्यांवरचे मच्छीमार, सभागृहाचे पास घेऊन भरली होती. झेंडूच्या हारांचा ढीग खुर्चीवर होता आणि मंत्री स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पोहे खात होते. वर तर्री घेतलेली होती, मांडीवर वर्तमानपत्राचा तुकडा होता. साठीचा, सडपातळ माणूस. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय होती, त्यामुळे हळू बोलले तरी दारापर्यंत ऐकू यायचं.

"सर, आजचा सातवा प्रश्न," खानझोडे साहेब वाकून म्हणाले. "छापील उत्तरात थोडी अडचण आहे."

"सातवा नं? पाहू जी." दिघोऱ्यांनी पोह्यातला शेंगदाणा बाजूला केला. "सातव्यापर्यंत गाडी येते का नाही, तेच पाहू पहिले. बहुतेक पाचव्यातच तास सरते."

"तरीपण सर, तयारी म्हणून..."

"मसुदा कोणाचा?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक पाऊल पुढे आले. शाळेत वही तपासायला दिल्यावर उभं राहावं तशी मी उभी होते.

"माझा, सर. कुबल."

"गाव कोणतं बाई तुमचं?"

"मालवण."

"म्हणजे समुद्राकडच्या." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण ते फक्त "बरं" म्हणाले आणि उरलेले पोहे संपवायला लागले. आम्ही बाहेर आलो, तेव्हा खानझोडे साहेब म्हणाले, "या माणसाला काही कळलेलंच नाही." मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांची कीव आली. ज्यांच्या जाळ्यांसाठी अकरा वर्षं घसा कोरडा केला, त्यांच्याच देखत हा माणूस आता तोंडघशी पडणार होता, आणि पाडणारी मी होते.

प्रश्नोत्तरांचा तास सुरू झाला. अधिकाऱ्यांची गॅलरी सभागृहाच्या एका कडेला असते. तिथे आम्ही फायली मांडीवर घेऊन बसतो. बोलायची परवानगी नाही. मंत्र्याला आकडा हवा असला, नियम हवा असला, की चिठ्ठी लिहायची आणि सभागृहातल्या शिपायाच्या हाती द्यायची. तो ती मंत्र्याच्या बाकावर नेऊन ठेवतो. वर्षानुवर्षं राज्य असंच चिठ्ठ्यांवर चाललंय, लोकांना वाटतं भाषणांवर चालतं.

मी मनातल्या मनात गावच्या देवाला, रवळनाथाला, गाऱ्हाणं घातलं की बाबा, पाचव्यावर तास संपू दे. पण तो दिवसच तसला. पहिला प्रश्न विचारणारे सदस्य गैरहजर. दुसरा राखून ठेवला. तिसऱ्यावर दोनच उपप्रश्न आले. चौथ्यावर थोडा गोंधळ झाला तेव्हा माझ्या जिवात जीव आला, पण नव्या अध्यक्षांना शिस्तीची फार हौस. त्यांनी दोन मिनिटांत सगळ्यांना खाली बसवलं. पाचवा-सहावा झटपट उरकले, आणि तास संपायला अकरा मिनिटं असताना त्यांनी पुकारलं, "प्रश्न क्रमांक सात."

इंगवले सावकाश उठले. चष्मा पुसला. ही त्यांची जुनी पद्धत होती, बोलण्याआधी सभागृह आपल्याकडे वळवून घ्यायचं.

"अध्यक्ष महाराज, माझ्या हातात सन्माननीय राज्यमंत्र्यांचं छापील उत्तर आहे. तलावातल्या मच्छीमारांवर अन्याय होतो, हे त्यांच्या मते खरं नाही. अध्यक्ष महाराज, हाच प्रश्न सन्माननीय मंत्र्यांनी या सभागृहात अकरा वर्षं विचारला. अकरा वर्षं जे खरं होतं, ते शपथ घेतल्यावर बारा दिवसांत खोटं कसं झालं? तळी आटली, का मासे संपले?"

विरोधी बाकांवर हशा उसळला. सत्ताधारी बाकांवरही दोघांचौघांनी तोंडाला रुमाल लावला. नवे मुख्यमंत्री पुढच्या बाकावर ताठ बसले होते. त्यांनी यादी उघडली, सातवा प्रश्न वाचला आणि मान वळवून आमच्या गॅलरीकडे पाहिलं. मी फाइलमध्ये डोकं खुपसलं.

खानझोडे साहेब भराभर चिठ्ठी लिहीत होते. मी तिरक्या नजरेने वाचली. 'मागील शासनानेही हेच उत्तर दिले होते. त्यावर श्री. इंगवले यांचीच सही होती, असे सांगावे.' चिठ्ठी पक्की होती. हे वाक्य म्हटलं की इंगवले गप्प, सभागृह खूश, मंत्री सुटले, मी सुटले. तळ्यातल्या जाळ्यांचं काय व्हायचं ते आणखी अकरा वर्षांनी होईल. शिपाई चिठ्ठी घेऊन निघाला.

आणि मला काय झालं, कोण जाणे. मी पॅड ओढलं.

मी गाबित समाजातली. आमच्या अंगणात जाळी वाळत टांगलेली असायची आणि मी अभ्यास करायचे त्या जाळ्यांच्या सावलीत. जाळं फाटलं की बाबा विणायला बसायचे आणि सूत मी ओवून द्यायचे. कुठल्या माशाला कुठलं सूत, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. त्यामुळे करमुक्त वस्तूंची यादी पहिल्यांदा हातात आली, त्याच दिवशी मला कळलं होतं की त्यात काय आहे. मला ते अकरा वर्षं माहीत होतं. मी लिहिलं:

'यादीत तलाव आणि समुद्र असा भेद नाही, म्हणून उत्तर बरोबर ठरते. भेद दोऱ्यात आहे. जाड दोऱ्याचे जाळे करमुक्त आहे. बारीक दोऱ्याचे जाळे शिवणाच्या दोऱ्यात धरून त्यावर कर घेतात. तलावातला मासा लहान, पाणी संथ. जाड दोरा त्याला दिसतो. तिथे बारीकच दोरा लागतो. दोऱ्याच्या जाडीची अट काढली की पुरे. हे मला पहिल्यापासून माहीत होते. मसुदा माझा, चूक माझी. म. कुबल.'

"काय लिहिलंत?" खानझोडे साहेब कुजबुजले. "दाखवा आधी."

गॅलरीतला नियम असा, की वरिष्ठाला दाखवल्याशिवाय चिठ्ठी जात नाही. मी साहेबांकडे पाहिलंच नाही. दुसरा शिपाई समोरून येत होता, त्याच्या हातात घडी ठेवली आणि म्हटलं, "अर्थ राज्यमंत्री." तो गेला. साहेबांनी मफलरचा गळ्याभोवती आणखी एक वेढा घेतला आणि माझ्यापासून थोडे सरकून बसले. त्यांचंही बरोबर होतं, त्यांना दोन मुली लग्नाच्या होत्या.

दिघोऱ्यांनी पहिली चिठ्ठी वाचली आणि बाकावर पालथी ठेवली. मग माझी उघडली. ते वाचताना ओळीखाली बोट फिरवायचे, मास्तरांची सवय. एक ओळ, दुसरी ओळ. पूर्ण सभागृह वाट पाहत होतं.

"गुरुजी, मोठ्याने वाचा! मागे ऐकू येत नाही!" विरोधी बाकांवरून कोणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

अध्यक्षांनी घंटा वाजवली. दिघोऱ्यांनी शेवटच्या ओळीवर बोट थांबवलं, परत वर नेलं, पुन्हा एकदा वाचलं. मग चिठ्ठीची घडी करून जाकिटाच्या वरच्या खिशात घातली आणि उभे राहिले.

"अध्यक्ष महाराज, या उत्तराखाली सही माझी आहे. अधिकाऱ्यांनी लिहून दिलं आणि मी न वाचता सही केली, असं मला म्हणता येईल. तसं म्हणण्याची इथे पद्धत आहे. मी तसं म्हणणार नाही. उत्तर माझं आहे."

हशा कमी झाला.

"सन्माननीय सदस्य इंगवले साहेबांनीही पाच वर्षं हेच उत्तर दिलं. त्यांना मी दोष देत नाही. कारण आत्ता, या क्षणी मला कळलेलं आहे, की उत्तर बरोबर होतं. माझा प्रश्नच चुकीचा होता. अकरा वर्षं मी चुकीचा प्रश्न विचारला, म्हणून अकरा वर्षं मला बरोबर उत्तर मिळालं. मी तलाव आणि समुद्र विचारत राहिलो. भेद पाण्यात नव्हता, दोऱ्यात होता." आणि त्यांनी चार वाक्यांत जाड दोरा, बारीक दोरा सगळं समजावून सांगितलं, तेही चिठ्ठीकडे न पाहता. पाचवीच्या वर्गालाही कळलं असतं.

सभागृहात आता कोणी हसत नव्हतं. कोकणातले दोन आमदार एकमेकांकडे पाहून मान हलवत होते. त्यांना दोऱ्यातलं कळत होतं.

"आता अडचण अशी आहे, अध्यक्ष महाराज," दिघोरे म्हणाले, "की बरोबर प्रश्न काय, ते मला समजलं. पण मी मंत्री. मला प्रश्न विचारता येत नाही, फक्त उत्तर देता येतं. म्हणून माझी इंगवले साहेबांना हात जोडून विनंती आहे. त्यांनी मला एक उपप्रश्न विचारावा. जाळ्याच्या दोऱ्याच्या जाडीची अट शासन काढणार का? एवढाच."

 इंगवल्यांना पेच पडला होता. विचारावं तर श्रेय दिघोऱ्यांचं, न विचारावं तर राज्यातल्या सगळ्या मच्छीमारांच्या तोंडचा घास काढल्यासारखं. ते उभे राहिले. चष्मा पुसला नाही. आणि माझ्या आयुष्यात त्यांच्याबद्दल पहिल्यांदा मला माया वाटली, कारण ते हसले. खरं हसले.

"अध्यक्ष महाराज, गुरुजींनी प्रश्न घालून दिलाय, तर विचारायलाच हवा. काढणार का?"

"होय," दिघोरे म्हणाले.

बाकं वाजायला लागली. दोन्ही बाजूंची. त्या गडबडीत मुख्यमंत्र्यांनी पॅडवर काहीतरी लिहून कागद फाडला आणि दिघोऱ्यांपुढे सरकवला. दिघोऱ्यांनी बोट फिरवून तो वाचला आणि खाली बसले. आम्हाला ठाऊक होतं ते मुख्यमंत्र्यांनाही ठाऊक होतं. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन कामकाजात नोंदलं गेलं की ते मागे घेता येत नाही. त्याची समिती असते, ती वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. तास संपल्याची घंटा झाली आणि आम्ही फायली उचलल्या.

दुपारी तीन वाजता मला दालनात बोलावणं आलं. तोवर खानझोडे साहेबांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागणारं पत्र तयार करून ठेवलं होतं. मसुद्यातील निष्काळजीपणा, आणि वरिष्ठांच्या परवानगीशिवाय चिठ्ठी पाठवणे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ते पत्र घेऊन आम्ही दोघं आत गेलो.

या वेळी दालन रिकामं होतं. दिघोऱ्यांनी पत्र घेतलं, ओळीखाली बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं आणि खानझोडे साहेबांना म्हणाले, "साहेब, हे राहू द्या माझ्यापाशी. उत्तर माझं आहे, असं मी सभागृहात बोललो. आता दुसऱ्याकडून खुलासा मागितला, तर मी खोटं बोललो असं होईल. नाही का?"

"होईल, सर," खानझोडे साहेब म्हणाले, आणि मला शपथेवर सांगायचं तर त्यांना माझ्याइतकंच हायसं वाटलं. त्यांनी मफलर काढला. मग चहा सांगायच्या निमित्ताने ते बाहेर गेले.

"बसा बाई," दिघोरे म्हणाले. आता ते घरच्यासारखे बोलत होते. "घाबरल्या होत्या का जी?"

"सर, जीव अर्धा झाला होता."

"तुमचं नाव कुठेच येणार नव्हतं. मले माहीत होतं." त्यांनी टेबलावरची यादी माझ्याकडे फिरवली. "मी पंचवीस वर्षं वह्या तपासल्या. न वाचता मी पोराच्या शुद्धलेखनावर सही नाही केली, ह्या कागदावर करीन का? सही करताना वाचलं होतं मी."

मी यादीवरून नजर वर केली.

"मग थांबवलं का नाही, सर?"

"थांबवून काय केलं असतं? उत्तर खोडलं असतं, तर फाइल वापस गेली असती. तिथून मुख्यमंत्र्यांकडे. ते म्हणाले असते, अर्थसंकल्पानंतर पाहू. अन् पाहिलं कोण असतं? म्हटलं, जाऊ द्या असंच सभागृहात. हसू द्या मले. तिथं एकदा उभा राहिलो, की मधात फाइल येत नाही." ते जरा थांबले. "पण उभं राहून बोलायचं काय, हे नव्हतं माहीत. सूट देऊ म्हटलं असतं, तर कशावरची? यादीत तर तलावच नाही. तुमची चिठ्ठी नसती आली, तर बाई, खरंच हसं झालं असतं माझं."

"मुख्यमंत्री काय म्हणाले?" मला राहवलं नाही.

"चिठ्ठीत लिहिलं होतं, 'बसा आता खाली.'" ते खोखो हसले. "म्हणून बसलो."

मीही हसले. सकाळपासून पहिल्यांदा. आणि तेवढ्यात त्यांनी जाकिटाच्या खिशातून माझी चिठ्ठी काढली, उलगडली, आणि शेवटच्या ओळीच्या आधीच्या ओळीवर बोट ठेवलं. हे मला पहिल्यापासून माहीत होते.

"इतकी वर्षं काहून नाही सांगतलं?"

रागाने विचारलं असतं, तर मला उत्तर सुचलं असतं. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"विचारलं नव्हतं, सर," मी म्हणाले.

बोलून गेले, आणि मग ते वाक्य माझं मलाच ऐकू आलं. विचारलं तेवढंच सांगायचं, हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं आणि मी ते चांगलं शिकले होते. माझ्या बाबांच्या जाळ्यावर कर नव्हता. वाचलेल्या त्या कराच्या पैशाने माझी फी भरली गेली होती. आणि तळ्यावरच्या माणसांचं जाळं माझ्या टेबलावरून अकरा वेळा गेलं, तेव्हा मी तारीख बदलली होती. मला रडू आलं. मंत्र्याच्या दालनात रडणं फार वाईट दिसतं, पण आलं.

दिघोऱ्यांनी मला रडू दिलं. मग टेबलाच्या खणातून एक पेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली. शाळेतली, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी. चावलेली.

"उद्यापासून एक करा. उत्तर लिहिलं, की खाली पेन्सिलीनं एक ओळ जास्त लिहा. जे विचारलं नाही, पण विचारायला पाहिजे होतं, ते. पेनानं नका लिहू, लोकं घाबरतात. पेन्सिल खोडता येते."

मार्चमध्ये यादीतली जाडीची अट गेली. बढती मला वर्षभर उशिरा मिळाली, पण मिळाली. दिघोरे चौदा महिनेच मंत्री होते, पुढच्या फेरबदलात गेले. त्यानंतर ते कधी भेटले नाहीत. मी दर दिवाळीला त्यांना कार्ड पाठवायचे आणि दर संक्रांतीला त्यांच्या गावाहून सुकवलेल्या झिंग्यांचं पुडकं यायचं. बाबा ते हुंगून म्हणायचे, "गोड्या पाण्याचां, पण बरां आसा हां." समुद्रात तीन कोस आत जाऊन जाड सूत ओढलेल्या माणसाने बारीक सुताच्या मासळीला एवढं म्हणणं पुष्कळ झालं. एका वर्षी पुडकं आलं नाही, आणि मला समजलं.

पेन्सिलीची ओळ मात्र मी सोडली नाही. बावीस वर्षं लिहिली. मंत्री आले, गेले. बहुतेक वेळा फाइल परत यायची तेव्हा ओळ खोडलेली असायची, कधी रबराने नीट, कधी थुंकी लावून बोटाने. काही वेळा ती तशीच असायची, म्हणजे कोणी वाचलीच नव्हती. आजवर ज्यांचे उपकार मानावेत अशी पुष्कळ माणसं मला भेटली, पण माझ्या चुकीसकट मला सांभाळून घेणारा आणि वर कामाला लावणारा तो एकच.

मी निवृत्त झाले त्या दिवशी शेवटचं उत्तर सकाळीच वर पाठवलं होतं. हातगाडीवरच्या विक्रेत्यांच्या परवाना-शुल्काबद्दलचं. दुपारी निरोपसमारंभ झाला. गळ्यात हार होता, हातात नारळ होता, आणि मी खण रिकामा करत होते. फोन वाजला. वरच्या मजल्यावरून मंत्र्यांचा स्वीय सहायक बोलत होता. सरकार त्याच महिन्यात बदललं होतं. मंत्री नवे होते, मी त्यांना पाहिलंही नव्हतं.

"मॅडम, तुमच्या त्या उत्तराच्या खाली पेन्सिलने काहीतरी लिहिलंय."

"हो. खोडून टाका," मी म्हणाले.

"नाही, खोडायचं नाहीये. साहेब विचारतायत, हे काय आहे म्हणून."

"विचारतायत?"

"हो. तुम्ही अजून ऑफिसात आहात का, असंही विचारलं."

मी हार काढून टेबलावर ठेवला. खणातली पेन्सिल घेतली, आता ती बोटभर उरली होती.

"आहे," मी म्हणाले. "आलेच."